टोपलीमागचा हात

१

“टोपली खाली आली आणि मागे माझा हात दिसला नाही, तर टोपलीवर विश्वास ठेवू नकोस, पोरी.”

पेलाघियाआजी जूनमध्ये हे म्हणाली तेव्हा मी हसले होते. ती तिच्या बाल्कनीत, मी माझ्या. मधली गल्ली इतकी अरुंद की वारा सुटला की दोघींचे वाळत घातलेले कपडे एकमेकांना शिवायचे.

“आजी, टोपली कुठे खोटं बोलते?” मी म्हटलं.

“टोपली नाही बोलत. दोरी धरणारा बोलतो.” मग माझ्या तान्ह्या बेबाला उन्हात टोपी घातली नाही म्हणून तिने मला झापलं, आणि मी ते बोलणं विसरून गेले.

ग्रीसमधल्या व्होलोसच्या बंदरामागची ही गल्ली. माझा नवरा याकोव्होस मालवाहू जहाजाच्या इंजिनात काम करतो. मी कोझानीची, डोंगराआडची. लग्नाने मला समुद्र दिला आणि त्याच समुद्राने नवरा नेला. इथे माझं म्हणावं असं माणूस नाही. मुलगी सात महिन्यांची, पण तिचा बाप्तिस्मा बाप येईपर्यंत थांबलाय, त्यामुळे तिला अजून नावसुद्धा नाही. सगळे नुसतं ‘बेबा’ म्हणतात. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते. आणि ती जागी असते तेव्हा खिडकीत बसून गल्ली बघते. एकट्या बाईला दुसरं काय असतं?

आजीचे गुडघे गेलेले. दोन मजल्यांचा जिना तिने केव्हाच सोडला होता. रोज सकाळी पिवळी टोपली दोरीला बांधून खाली यायची आणि वरून आवाज: “झिसिस! टोमॅटो घाल चार, आणि मऊ नकोत, तुझ्या डोक्यासारखे!” खाली किराणा दुकानातला झिसिसकाका हसत टोपली भरायचा. सासऱ्याचं दुकान त्याने वसंतातच चालवायला घेतलं होतं, तरी आजीने त्याला पहिल्याच दिवशी नोकरासारखं वागवायला सुरुवात केली.

बेबा सात जानेवारीला झाली. मला दवाखान्यातून आणलं तेव्हा आजी समोरून ओरडली होती, “नाताळाच्या दिवशी आली गं तुझी लेक! ख्रिस्तिना ठेव नाव!” नाताळ होऊन दोन आठवडे झाले होते. म्हातारपण, मी म्हटलं, आणि मान डोलावली.

मार्चपासून तिच्याकडे मानाना राहायला होती. जॉर्जियाची, पन्नाशीची, दंडाने भक्कम. आजीच्या गळ्यात तिच्या नवऱ्याने दिलेला जाड सोन्याचा क्रॉस असायचा, आंघोळीतही. मी एकदा म्हटलं, भीती नाही वाटत? मानाना चादर झटकत म्हणाली, “हा क्रॉस चोरायचा तर आधी आजीला चोरावं लागेल. आणि तिला उचलेल असा चोर अजून जन्मला नाही. मी रोज उचलते, मला विचार.” दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

ऑगस्ट लागला तशी गल्ली रिकामी झाली. पंधरा ऑगस्टला पानाघियाचा, मारियामातेच्या चिरनिद्रेचा सण, जो तो आपापल्या गावी. खाली दुकानाचं शटर, वर मी आणि बेबा, आणि बेबाला दातांचा ताप. त्या दिवशी समोरची बाल्कनीही बंद होती. मला वाटलं, उन्हामुळे असेल.

सोळाच्या सकाळी माणसाच्या ओरडण्याने बेबा दचकून उठली.

“लुटलं! माझ्या आत्याला लुटलं त्या बयेने!”

२

आजीचा भाचा स्तेर्गिओस गल्लीच्या मधोमध उभा होता. चाळिशीचा, अथेन्सला वाढलेला, पांढरा शर्ट, पायात मोजे न घालता बूट. पलीकडच्या रस्त्यावरची दोन जुनी घरं घेऊन त्याने पर्यटकांसाठी खोल्या केल्या होत्या. जहाजावरून उतरलेली माणसं चाकांच्या बॅगा खडखडवत तिकडे जायची. या वर्षी ईस्टरला तो नेहमीसारखा एक दिवस आला होता. जूनपासून मात्र त्याच्या खेपा वाढल्या होत्या.

“काय झालं हो?” मी बाल्कनीतून विचारलं.

“मानाना पळाली. आत्याचा क्रॉस घेऊन! आत्या हादरलीय, अंथरुणात पडून आहे, भिंतीकडे तोंड. कुणाला भेटायचं नाही म्हणते.”

“मी येऊ का? नुसती बसते तिच्याजवळ.”

“नको नको, ताई. तुमचं लेकरू लहान, त्यात ताप. आणि तिला सध्या शांतता हवीय.”

“पोलिसांत दिलंत?”

त्याने शर्टाची बाही सरळ केली. “या वयात तिला ठाण्याच्या फेऱ्या? सोनं गेलं तर जाऊ दे. तिचा जीव महत्त्वाचा.”

सुट्टीवरून परतलेले एकदोघे तोवर खिडकीत आले होते. परक्या बाईला घरात घेतलं की हेच होणार, कुणीतरी म्हणालं. मला मानानाचे दंड आठवले, चादर झटकणारे. मीही तिच्या हाती बेबा दिली होती, किती वेळा.

दुपारी पिवळी टोपली खाली आली. झिसिसकाकाला वरून कुणी ओरडलं नाही. दुकानातला फोन वाजला, त्याने काय हवं ते ऐकलं आणि टोपली भरली. चीजचा मोठा तुकडा, अंडी, शेजारच्या खाटकाकडून आणलेला खिमा. आजी उठली नसली तरी जेवतेय, याचं मला बरं वाटलं.

दोरी वर सरकू लागली. मी बेबाला कडेवर घेऊन बघत होते. खिडकीची झडप अर्धवट लोटलेली, आत अंधार. टोपली काठाला लागली, आडवी झाली आणि आत ओढली गेली.

हात दिसला नाही.

३

दुसऱ्या दिवशी स्तेर्गिओस माझ्या दाराशी आला. हातात निळ्या हायड्रेंजियाचा भलामोठा गुच्छ, देठांना ओला कागद गुंडाळलेला.

“आत्यासाठी आणली, तुमच्यासाठीही थोडी. एकट्या असता, घरात रंग हवा.”

“कुठे मिळाली या उन्हात?”

“मिळाली,” तो हसला. “कशी आहे हो आपली राजकन्या?”

बेबाने त्याच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. मी विचारलं, आजी काय म्हणते?

“थोडी बरी आहे. काल गोळे केले खिम्याचे, दोन खाल्ले. बिचारी पंधरा दिवस उपास करून वाळली होती. सण झाला, आता खा म्हटलं पोटभर.”

“तुम्ही करता स्वयंपाक?”

“एकट्या माणसाला सगळं येतं, ताई.”

ते वाक्य त्याने इतकं गोड म्हटलं की मला माझाच राग आला. भाचा आत्याला गोळे करून घालतोय, आणि मी हात शोधत बसलेय. त्या रात्री मी याकोव्होसला फोनवर सांगितलं. तुटक आवाजात तो म्हणाला, “लांब्रिनी, तू फार खिडकीत बसतेस. जरा बाहेर पड.” मग आवाज गेला. फुलं टेबलावर होती. सकाळपर्यंत त्यांच्या माना पडल्या.

एका गोष्टीने मात्र मला स्वस्थ बसू दिलं नाही. पंधरा ऑगस्टला, सगळी दुनिया दुपारची झोपलेली असताना, मी बेबाला थोपटत खिडकीत उभी होते, तेव्हा झिसिसकाका आजीच्या जिन्यातून बाहेर पडला होता. त्याच्याकडे तळमजल्याच्या दाराची किल्ली असते. खांद्यावर पोतं होतं. तो सारखा मागे बघत होता, आणि पोत्यात काहीतरी हललं होतं. तेव्हा मला वाटलं, बटाटे असतील.

बटाटे हलत नाहीत.

४

“झिसिसकाका, पंधराला पोत्यातून काय नेलंत?”

तो वजन करत होता, हातातलं वांगं खाली पडलं. “कोण म्हणालं?”

“मी बघितलं.”

“तुला झोप येत नाही का गं दुपारची?”

“आई झाल्यापासून नाही येत. काय होतं?”

त्याने दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. “हे बायकोला कळलं तर मला पोत्यात घालेल. मांजर होतं.”

“आजीचं? कापेतानिसा?”

“तीच. भाच्याने फोन केला, ‘हिला कुठेतरी सोडून ये, मला शिंका येतात.’ सोडतोय कुठे मी! मागच्या कोठीत ठेवलीय, सार्डिन खाऊन माझ्यापेक्षा जाड झालीय.” कोठीतून म्याव ऐकू आलं. “ऐकलंस? दुकान माझं, पण हुकूम तिचा.”

मला हसू आलं आणि मग थांबलं. कापेतानिसा आजीच्या उशाशी झोपायची. आजी भिंतीकडे तोंड करून पडली असती, तर मांजराला बाहेर काढू दिलं असतं तिने? स्तेर्गिओसला शिव्या गल्लीभर ऐकू आल्या असत्या. आणि मांजर गेलं पंधराला, चोरीची बोंब झाली सोळाला. म्हणजे धक्का बसायच्या आधीच; तेव्हा आजी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचं कारणच नव्हतं.

“काका, तुम्ही जिना चढलात तेव्हा आजी दिसली?”

“दार भाच्याने उघडलं. मांजर दिलं. आत अंधार. झोपली असेल म्हटलं.”

“आवाज?”

“नाही.” तो कान खाजवायला लागला. “आता तू म्हणतेस म्हणून… मला ती एकही शिवी न देता जाऊ देईल? वीस पावलांवरून शिव्या घालते बाई.”

“काय वाटतं तुम्हाला?”

“मला? मला काही वाटत नाही, मी टोपली भरतो. पण एक सांगतो, म्हातारी जरा चक्रमच होती. एक ऑगस्टपासून अख्ख्या गल्लीचा उपास, दूध नाही, अंडं नाही, आणि ही रोज चीज मागवायची! म्हटलं, आजी, पानाघियाला घाबर. तर म्हणते, ‘माझी पानाघिया अजून झोपलीय, तू तुझं बघ.’ देवाशी भांडली वाटतं उतारवयात.”

त्याचं बोलणं कानावर पडलं, पण माझं लक्ष समोरच्या झडपेकडे होतं. स्तेर्गिओसची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. तो उतरला. हातात पुन्हा निळी फुलं, पुन्हा ताजी, पानांवर पाणी.

व्होलोसमध्ये आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता.

५

याकोव्होस म्हणाला होता बाहेर पड, म्हणून संध्याकाळी बाबागाडी घेऊन बंदराच्या कठड्याने चालत गेले. बोटी लागल्या होत्या, खानावळींत हसणं चाललं होतं, आणि प्रत्येक टेबलावर किमान दोन माणसं होती. तांब्याच्या जुन्या जहाजाच्या पुतळ्याजवळच्या बाकावर एक बाई एकटी बसली होती, पायाशी कापडी पिशवी.

मानाना.

मी गाडीची मूठ घट्ट धरली. पळावं की ओरडावं कळेना. तिने मान वर केली आणि तिचं तोंड उजळलं.

“लांब्रिनी! बेबा! अगं, ताप गेला का?”

चोर तापाची चौकशी करतो का? मी दूरच उभी राहिले. “मानाना, तू इथे कशी?”

“स्टेशनमागे मैत्रिणीकडे आहे. काम शोधतेय. भाच्याने चौदाला सांगितलं, आत्याला अथेन्सला माझ्या घरी नेतो, तुझं काम संपलं, संध्याकाळच्या आत नीघ. आजी रडत होती गं. मला म्हणाली, लांब्रिनीला सांग. पण तू दार उघडलं नाहीस.”

चौदाला बेबाला घेऊन मी दवाखान्यात होते.

“तो म्हणतो आजी घरातच आहे,” मी म्हटलं. “आणि तू क्रॉस घेऊन पळालीस.”

तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. ती जॉर्जियनमध्ये काहीतरी बोलली, ती प्रार्थना नव्हती. “मी? ज्याला हात लावायचा तर आजीची मान धरावी लागते, तो क्रॉस?”

दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. कोण, हे मला माहीत नव्हतं, आणि बाबागाडीत माझी लेक होती. काहीतरी करायचं म्हणून मी पिशवीतली चीज भरलेली कुलुरी, तिळाच्या पावाचं कडं, काढून अर्धी तिच्यापुढे धरली. ती दिवसभराची उपाशी दिसत होती.

तिने हात मागे घेतला. “नको. माझा पानाघियाचा उपास आहे.”

“सण तर पंधरालाच झाला!”

“तुमचा. आमच्याकडे जुनं पंचांग, तेरा दिवस मागे. आमचा उपास चौदाला लागला, सुटेल अठ्ठावीसला. आजीचाही.” “आजीचाही?” मी म्हटलं. “तुला माहीत नव्हतं? तिच्या नवऱ्याकडचे सगळे जुन्या पंचांगाचे. लग्न झाल्यापासून पाळते. तिचं देऊळ वेगळं, माझं वेगळं, पण तारीख एक. म्हणून तर जमलं आमचं.”

नाताळाच्या दिवशी आली गं तुझी लेक.

मी बाकावर बसले. सात जानेवारी. तेरा दिवस. आजी चुकली नव्हती, मीच तिला चुकीचं ठरवलं होतं.

“मानाना, ती उपासात खिमा खाईल?”

“ती? आजारपणात डॉक्टरने सूप सांगितलं तर डॉक्टरला हाकललं होतं तिने. मरेल, पण चाखणार नाही.”

बेबा गाडीत कुरकुरली. मग टोपलीतल्या खिम्याचा एकच अर्थ होता. आणि तो अर्थ खरा असेल, तर आजीने चौदापासून जवळजवळ काही खाल्लेलं नव्हतं.

६

“सावकाश सांग,” झिसिसकाका म्हणाला. शटर अर्धं ओढलेलं, मी कांद्याच्या पोत्यावर, मानाना दारात, कापेतानिसा तिच्या पायांशी घासत होती.

“तुम्हीच सांगितलंत, ऑगस्टच्या सुरुवातीला गल्ली उपाशी आणि आजी चीज खात होती. तिचा उपास तेव्हा लागलाच नव्हता. आता गल्ली खातेय आणि तिचा उपास आहे. अशा वेळी टोपलीत खिमा कोण मागवेल? ज्याला हे माहीत नाही तो. मानानाला माहीत आहे, ती स्वतः तोच उपास धरते. तुम्हाला नाही, पण तुम्ही मागवत नाही, भरता.”

“देवा,” तो म्हणाला. “म्हणजे भाचा. फोन तर तोच करतो.”

“त्याला का नाही माहीत?” मानानाने विचारलं. “आत्या आहे त्याची.”

“त्याच्या घरचे नव्या पंचांगाचे. आणि तो वर्षातून एकदाच यायचा, ईस्टरला. ईस्टर तेवढा दोघांचा एकाच दिवशी असतो! त्याने तिला कधी वेगळा सण करताना बघितलंच नाही. म्हणून मला सांगताना म्हणाला, सण झाला, आता गोळे खाते. आजी खरंच समोर असती तर पहिल्याच गोळ्याला ताट त्याच्या डोक्यात बसलं असतं. ती त्या घरात नाही.”

“आणि क्रॉस?”

“क्रॉस घरात नाही, हे एवढंच तो खरं बोलला. तो तिच्या गळ्यात आहे. ती जिथे आहे तिथे.”

झिसिसकाकाने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. “पण मग बोंब कशाला मारायची?”

“आजीने शंभरदा सांगितलंय, हे घर मी उभ्याने सोडणार नाही. ती अशीच नाहीशी झाली असती तर तुम्ही विचारलं असतं, तिच्या देवळातली माणसं आली असती. आता चोरी झाली, धक्का बसला, अंथरूण धरलं. महिनाअखेरीला गल्ली भरली की तो सांगेल, आत्याला एकटं ठेववत नाही, आश्रमात ठेवलं. सगळे म्हणतील बिचारी. आणि खोल्या रिकाम्या, पर्यटकांना द्यायला. तोवर टोपली वरखाली होतेय म्हणजे आजी आहे. तिने मला सांगितलं होतं. जूनमध्येच.”

“आहे कुठे पण? अथेन्सला?”

“तो रोज इथे दिसतो. आणि एक दिवसाआड ताजी निळी फुलं आणतो, पानांवर पाणी असलेली. इथे हायड्रेंजिया एका रात्रीत मान टाकते.”

“पिलिओ,” झिसिसकाका लगेच म्हणाला. “डोंगरापलीकडे. तिकडे रोज धुकं.”

मानानाने तोंडावर हात नेला. “आजीचं माहेर तिकडेच. झागोराच्या पुढे, गावाबाहेर, चेस्टनटच्या झाडांत. भाऊ गेल्यापासून बंद आहे. किल्ली भाच्याकडे.”

मी पोलिसांना फोन केला. पलीकडचा माणूस दमलेला होता. “बाई, म्हातारी घरी आहे असं तिचा भाचा म्हणतो, आणि तुम्ही म्हणता ती नाही, कारण कुणीतरी खिमा मागवला?” सकाळी माणूस पाठवतो म्हणाला.

झिसिसकाकाने शटर पूर्ण खाली ओढलं आणि टेम्पोची किल्ली उचलली. “सकाळी!” तो म्हणाला. “बस आत. लेकराला धर नीट, वळणं वाईट आहेत.”

७

टेम्पोला कांद्याचा वास होता. बेबा माझ्या अंगावर ओकली, मग हसली. व्होलोसची घरं आणि खाडी मागे पडली, रस्ता वर वर वळत गेला, आणि खिंड ओलांडली तशी हवा एकदम गार झाली. उजेड अजून होता. दोन्ही बाजूंनी निळी फुलं सुरू झाली, कुंपणांवर, झऱ्यांच्या काठाला, कुणी न लावलेली. मी बेबाच्या नाकाखाली बोट धरून बसले होते, ती जागी असूनही.

घर गावापासून बरंच बाजूला होतं. दाराला बाहेरून कुलूप. झडपा बंद, फक्त माडीवरची एक उघडी, आणि तिच्यातून खाली काहीतरी लोंबत होतं.

झग्याचा कापडी पट्टा. त्याला बांधलेला फाटक्या चादरीचा तुकडा. आणि टोकाला टिनचा रिकामा डबा, फुलांच्या झुडपापासून हातभर वर. डब्यात झाडाची दोन सुकलेली पानं पडली होती.

आजीने टोपली सोडली होती. खाली भरायला कुणी नव्हतं. या वाटेने कुणी जातच नाही.

“आजी!” मी हाक मारली. “पेलाघियाआजी!”

झिसिसकाकाने टेम्पोतून टिकाव काढून कुलपावर घातला. मानाना गुडघ्यांवर बसली. मी परत ओरडले, तेव्हा बेबा घाबरून मोठ्याने रडायला लागली.

डबा हलला.

थोडा वर गेला, थांबला, परत वर. खिडकीच्या काठावर एक हात आला. शिरा उमटलेला, पट्टा मनगटाला गुंडाळलेला.

“लांब्रिनी,” वरून आवाज आला, कागदासारखा पातळ. “त्या पोरीच्या डोक्याला टोपी कुठंय? इथे गारवा आहे, कळत नाही?”

८

खोलीत ताटं ओळीने मांडलेली होती. गोळे, चीज, अंडी, सगळ्यांवर माशा. तिने पाव, पाणी आणि खिडकीपर्यंत आलेल्या वेलीची द्राक्षं एवढ्यावर दिवस काढले होते. क्रॉस तिच्या गळ्यात होता. मानानाने तिला उचललं आणि रडत म्हणाली, “काही वजनच नाही राहिलं गं. आता कुणीही चोरेल तुला.”

आम्ही जिन्यात होतो तेव्हा गाडीचा आवाज आला. स्तेर्गिओस हातात डबा घेऊन दारात उभा राहिला, कुलपाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

“हवापालटासाठी आणलं तिला,” तो म्हणाला. “डॉक्टरनेच…”

“बाहेरून कुलूप लावून?” झिसिसकाका म्हणाला. “आणि खाली व्होलोसला टोपली कुणासाठी ओढत होतास रे, माझ्या मांजरासाठी?”

स्तेर्गिओस आजीकडे वळला. “आत्या, तू काही खात नव्हतीस, मी तरी काय करणार? रोज चांगलंचुंगलं आणत होतो.”

आजीने मानानाच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघितलं. “चाळीस वर्षं ईस्टरला माझ्या हातचं कोकरू खाल्लंस,” ती म्हणाली. “एकदा तरी दुसऱ्या कुठल्या दिवशी यायचं होतंस, बाळा. कळलं असतं.”

अठ्ठावीसला आम्ही उपास सोडला, जुन्या पंचांगाने, तिच्या बाल्कनीत. मानानाने चीज भरून भाकरी भाजली. कापेतानिसा आजीच्या मांडीवर होती आणि झिसिसकाकाची बायको तिला सार्डिन भरवत होती. ऑक्टोबरमध्ये याकोव्होस आला, बाप्तिस्मा झाला. बेबाचं नाव ख्रिस्तिना ठेवलं. रिवाजाप्रमाणे आपलं नाव नातीला न ठेवल्याबद्दल सासूबाई अजून बोलत नाहीत.

आता याकोव्होसला पिरेअसच्या गोदीत जमिनीवरचं काम मिळालंय. हे लिहितेय तेव्हा घरात खोकी बांधलेली आहेत. मानाना लेकीच्या बाळंतपणाला तिबिलिसीला जाणार, वसंतापर्यंत. झिसिसकाका खाली आहे, पण त्याला दुकानातून टोपली दिसते, वरची खिडकी नाही. ती फक्त माझ्या बाल्कनीतून दिसायची. खटला चालू आहे आणि स्तेर्गिओस जामिनावर बाहेर आहे.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही कधी व्होलोसला उतरलात, तर जेवायला बसायच्या आधी बंदरामागे या. किराण्याच्या दुकानासमोरच्या पायरीवर चढून वर बघा, दुसरा मजला, हिरव्या झडपा. सकाळी पिवळी टोपली खाली येईल. ती भरली गेली, वर गेली, एवढ्यावर निघून जाऊ नका. थांबा. हात दिसेपर्यंत थांबा. आणि दिसला, तर लांब्रिनीने विचारलंय म्हणून सांगा. कडेवर लहान मूल असेल, तर त्याला टोपी घालून या.